मालक कुठायत?

मी बंपरवर उभा, कमरेपासून वरचा भाग बॉनेटखाली, कोपरापर्यंत डिझेल, दातांत पाना. अशा वेळी मागून आवाज आला, "अरे, या गाडीचे मालक कुठायत?"

पाना काढून म्हटलं, "मीच."

तो हसला. अगदी मनापासून हसला. पांढरा शर्ट, बोटावर स्वतःच्या गाडीची किल्ली गरगर फिरतेय. "बरं, बरं. आले की सांग. दोन गोष्टी सांगायच्यात त्यांना."

क्लीनर समजला याचं मला काही नाही. गाडीतलं क्लीनरला जेवढं कळतं तेवढं अनेक मालकांना कळत नाही. राग याचा आला, आणि अजून आहे, की क्लीनर ठरवल्याबरोबर त्याने माझं ऐकणंच बंद केलं. दोष मला ठाऊक, उपाय माझ्या हातात, आणि हा मालकाची वाट बघत उभा.

दोष म्हणजे गाडीने एअर धरली होती. जुन्या पंपाच्या डिझेल गाडीत टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे डिझेल ओढून घेणाऱ्या पंपापर्यंतची, लाइन ओढीवर चालते. तिथला जोड सैल असला तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. जोड वरून कोरडा ठणठणीत, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत बसतो. लक्षण मात्र ठरलेलं. रात्रभर उभ्या गाडीत लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं. सकाळी पंपात जेवढं उरलंय तेवढ्यावर इंजिन लागतं, जरा चालतं आणि मरतं. मग सेल्फ कितीही मारा, सायलेन्सरमधून धुराची रेघ नाही. धूर नाही म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर आला असता तर पोचतंय पण जळत नाही असं धरून हीटर, कॉम्प्रेशन, टायमिंग तपासायचं. एवढ्या निदानाला डोळे पुरतात.

पांढऱ्या शर्टाने पुढच्या टायरला लाथ मारली. ही लाथ का मारतात हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. ट्रकच्या टायरमध्ये शंभर पीएसआयच्या आसपास हवा असते. त्यात वीस कमी झाली तरी लाथेला काही कळत नाही, कळतं ते गेजला, तेही टायर गार असताना.

"बॅटरी गेलीय," तो म्हणाला.

"सेल्फ खणखणीत फिरतोय की."

"वरून तसं वाटतं."

आता सेल्फ वरून कसा आणि खालून कसा वाटतो? चोवीस व्होल्टच्या गाडीत बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. गाडी निवांत उभी असताना प्रत्येकीवर साधारण 12.6 व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना एखादी 9.6 च्या खाली घसरली तर संशय घ्यायचा, आणि तोही आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खरवडून, अर्थची पट्टी चेसिसला घट्ट केल्यावर. कितीतरी 'गेलेल्या' बॅटऱ्या एवढ्यावर परत येतात. हे मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं, मालक येतायत का ते.

मालक येईनात, तेव्हा त्याने वेळ सत्कारणी लावायचं ठरवलं. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, उपसली. तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मग दोन्ही बोटं माझ्या तोंडासमोर धरली.

"काळं."

"डिझेल गाडीचं ऑइल काळंच होतं."

"काळं म्हणजे काळंकुट्ट आहे."

डिझेल जळताना काजळी होते आणि त्यातली थोडी ऑइलमध्ये उतरते. ऑइलमध्ये मुद्दाम अशी द्रव्यं घातलेली असतात की काजळी एका जागी साचू नये, तरंगत राहावी. म्हणजे काळं पडलेलं ऑइल आपलं काम करतंय. नवं ऑइल घालून गाडी थोडी फिरवली तरी ते काळं होतं. घाबरायचं कधी? दुधाळ झालं तर पाणी शिरलंय. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर बघा. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळतंय. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल किंवा पंपाचं सील बघा. रंगाने घाबरायचं नाही, किलोमीटर आणि तास मोजून बदलायचं. हे सगळं मी त्याला सांगत होतो तेवढ्यात त्याला फोन आला. हात मोकळा हवा म्हणून त्याने ती लांबलचक पोलादी डिपस्टिक ठेवली कुठे, तर बॅटरीवर. आडवी. एक टोक प्लसपासून दोन बोटांवर.

मी बंपरवरून कसा पोचलो मला माहीत नाही. दोन टर्मिनलांवर पोलाद टेकलं की शेकडो अँपिअर वाहतात, पट्टी लाल होते, जागीच चिकटते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असेल तर तो पेटतो. मी डिपस्टिक हिसकावली. तो फोनवर कोणाला तरी म्हणाला, "काही नाही रे, इथे एका मालकाची गाडी बंद पडलीय. पोरगा आहे त्यांचा कामाला, जरा तापट आहे."

मी जोडाकडे वळलो. टाकी आणि फीड पंपाच्या मधल्या फिल्टरला पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टला, बँजो बोल्टला, तांब्याचे दोन वॉशर लागतात, एक बोल्टच्या डोक्याखाली, एक पाइपच्या डोळ्याखाली. तांबं मऊ असतं म्हणून ते दोन्हीकडच्या धातूत दबून बसतं आणि हवा अडवतं. एकदा दाबलं की कडक होतं, दुसऱ्यांदा तसं बसत नाही. मागच्या सर्व्हिसला ज्या गॅरेजने फिल्टर बदलला त्यांनी वॉशर जुनेच चढवले होते, आणि हवा येऊ नये म्हणून बोल्ट असा आवळला होता की वॉशरचा कागद झाला होता. बिलात मात्र 'वॉशर सेट' लिहिलेला. नवे नसतील तर निदान जुने ज्योतीवर मंद लाल करावेत, गार करावेत, वरची काळी खपली घासून काढावी. तांबं पुन्हा मऊ होतं. पाच मिनिटांचं काम. पण पाच मिनिटं कोणाकडे आहेत? फिल्टरच्या खोक्यातही रबरी रिंग देतात, वॉशर देत नाहीत. खोक्यावर इंजिनाचा चार रंगांत फोटो छापायला जागा आहे.

असो. माझ्याकडे नवे होते, ते बसवले. आता एअर काढायची. आणि इथे अडचण अशी की एअर काढायला दुसरा माणूस लागतो.

"जरा सेल्फ मारता का? मी सांगेन तेव्हाच."

"मालक ओरडणार नाहीत ना?"

"नाही ओरडणार."

रीत सोपी आहे. फिल्टरवरचा हवा सोडायचा ब्लीड स्क्रू ढिला करायचा आणि हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबायचा छोटा पंप, मारत राहायचं. आधी हवा फुसफुसते, मग फेसाळ डिझेल येतं, मग बुडबुड्याशिवाय सलग धार. धार सलग झाली की प्रायमर मारता मारताच स्क्रू बंद करायचा, थांबून केला तर थोडी हवा परत आत जाते. मग हेच पंपावरच्या स्क्रूला. तरी गाडी लागली नाही तर नोझलकडचे पाइपाचे नट सतराच्या पान्याने अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारायचा. डिझेल ठिबकायला लागलं की एकेक आवळायचा. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदच, मग मिनिट-दोन मिनिटं विश्रांती, नाहीतर मोटर जळते.

मी म्हटलं, "मारा." त्याने मारला. मी म्हटलं, "बस." त्याने मारला. मी ओरडलो, "बस!" त्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "आलं का?" किल्ली पिळलेलीच.

शेवटी इंजिन लागलं. दोन सिलिंडरवर अडखळलं, तिसरं आलं, मग सगळी. तो विजयी वीरासारखा उतरला. "मी म्हटलं होतं ना, सेल्फ जोरात मारला की लागते. मी तर माझ्या नव्या गाडीचे पण असेच नट ढिले करणार आता."

इथे मात्र मी हसणं सोडलं. नवी गाडी कॉमन रेलची, म्हणजे एकाच नळीत प्रचंड दाबाने डिझेल धरून ते सगळ्या नोझलांना देणारी. जुन्या नोझलला उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. कॉमन रेलमध्ये 1600 ते 2000 बार, काहींत त्याहूनही जास्त. चालू इंजिनाचा तो नट ढिला केला तर केसाएवढी धार हातमोज्यातून कातडीखाली जाते. वरून टाचणी टोचल्यासारखं भोक दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत बोट सडायला लागतं. वेळ न घालवता शस्त्रक्रियेला न्यावं लागतं. हे मी हातातलं काम टाकून, शब्द सुटे सुटे करून सांगितलं.

"मालकांना विचारतो मी," तो म्हणाला.

एव्हाना बाजूला दोन ट्रकवाले येऊन थांबले होते. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या आणि ठरलेला विषय सुरू झाला: जुन्या गाड्यांचं लोखंड. काय पत्रा होता, काय इंजिन होतं. मीही जुनी गाडी चालवतो, पण हे पुराण मला झेपत नाही. त्या लोखंडी गाड्यांना दर दीड-दोन हजार किलोमीटरला सगळी निपलं शोधून ग्रीस मारावं लागे. पेट्रोल गाडीचे ठिणगीचे पॉइंट घासायचे, 0.4 मिलिमीटरचा गॅप लावायचा, हेड उतरवून कार्बन खरवडायचा. बऱ्याच गाड्यांच्या मीटरला आकडेच पाच असत. 99,999 नंतर पुन्हा शून्य. आणि पत्रा न चेपणं ही तारीफ नव्हे. पत्रा चेपला नाही तर धक्का आतल्या माणसाला बसतो. गाडीचं पुढचं-मागचं टोक मुद्दाम चेपू द्यावं ही कल्पना बेला बारेन्यी या अभियंत्याने 1951 मध्ये पेटंटसाठी मांडली. पण 'चेपते' असं सांगून गाडी विकणार कोण?

"डिझेल इंजिनाला मरण नाही," एक ट्रकवाला म्हणाला. इंजिनाला नसेल. रुडॉल्फ डिझेलवर त्याच्याच पहिल्या प्रायोगिक इंजिनाने 1893 मध्ये जवळजवळ जीवावरचा प्रसंग आणला होता. दाब मोजायचं यंत्रच फुटलं. 1897 मध्ये इंजिन नीट चाललं. 1913 च्या सप्टेंबरात तो इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला. का, ते कोणालाच कळलेलं नाही. मला थोडाफार अंदाज यायला लागलाय.

पांढऱ्या शर्टाला आता श्रोते मिळाले होते. "यांच्या मालकांना सांगणार होतो, थर्मोस्टॅट काढून टाका. माझ्या आधीच्या गाडीचा काढला होता. इंजिन कसं गार राहायचं."

गाडी तापत नव्हती. तापण्याचा विषयच नव्हता. तरी सांगतो, कारण हा सल्ला देणारे जागोजाग भेटतात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना उघडायला लागतो. तो काढला की इंजिन गरम व्हायला तयारच नसतं. गार लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, डिझेल नीट जळत नाही, तेलाचा थर धुऊन काढतं, लायनर झिजतो, अ‍ॅव्हरेज पडतं. वर ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं. म्हणजे गार राहावं म्हणून काढायचा आणि चढावर गाडी तापवायची. शंका असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या भांड्यात सोडा, भांडं तापवा, उघडतो का आणि किती अंशांना ते बघा. उघडत नसेल तर नवा टाका.

"आणि कूलंट?" ट्रकवाल्याने विचारलं.

"काय गरज? पाणी घालायचं."

ट्रकवाल्याने माझ्याकडे पाहिलं. वेट लायनरच्या, म्हणजे लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं अशा, इंजिनात साधं पाणी म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, पाणी त्याच्यापासून क्षणभर सुटतं, बारीक बुडबुडे होतात आणि लायनरवरच फुटतात. होता होता पिस्टन ज्या बाजूला दाबला जातो तिथे बाहेरून सुईची भोकं पडतात आणि एक दिवस पाणी आत. कूलंटमधली द्रव्यं धातूवर पातळ थर धरून हे थांबवतात. मिश्रण डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं.

ट्रकवाला हे सगळं त्याला सांगत होता. हात त्याचेही काळे होते, त्यामुळे उपयोग झाला नाही.

निघताना मात्र पांढऱ्या शर्टाने मला जवळ बोलावलं. आवाज खाली आणला. "तुला थोडंफार कळतं असं दिसतंय. माझ्या नव्या गाडीत एक पिवळा दिवा लागतो. सायलेन्सरसारखं चित्र, आत ठिपके."

डीपीएफचा दिवा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा. फिल्टर काजळीने भरत आलाय. साफ व्हायला आत सहाशे अंशांच्या आसपास ताप लागतो, म्हणून गाडी मोकळ्या रस्त्यावर वीसएक मिनिटं एका वेगात चालवायची, मध्ये बंद करायची नाही. याची गाडी रोज घर ते दुकान आणि परत. दर वेळी साफसफाई अर्धवट, आणि त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल उतरतं ऑइलमध्ये.

"दिवा किती दिवस लागतोय?"

"आता नाही दिसत. वर टेप लावलीय."

"डिपस्टिक बघा आधी. ऑइलची पातळी वाढलेली असणार."

त्याने किल्ली बोटावर फिरवली. चेहरा खुलला.

"हो, वाढलीय ना! चांगलंच आहे की. वरून ऑइल घालायला लागत नाही."