पार्सल आलं, माणसं नाही आली

आज दुपारी कुरियरवाला भला मोठा खोका टाकून गेला. दादाने पुण्याहून पाठवलेला. पाठोपाठ घरच्या ग्रुपवर मेसेज: "यंदा जमत नाहीये, आईसाठी एअर फ्रायर पाठवलाय. हॅपी ख्रिसमस!" आईने खोका उघडला, आत डोकावली आणि मला विचारते, "यात फुगे तळता येतील का गं?"

मुठीतून पीठ पिळून कढत तेलात सोडायचे ते फुगे. त्या खणात कसले फुगतायत! माझं डोकंच फिरलं.

अरे, आपल्या वसईत नाताळ म्हणजे माणसांचा राबता. पंधरा दिवस आधीपासून पोरं येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पेंढा जमवत फिरतात, चर्चमधली मिस्सा संपली की अर्धी रात्र एकमेकांच्या अंगणात जाते. आणि कुलकुलची रात्र! पिठाच्या छोट्या गोळ्या फणीवर दाबून वळायच्या आणि तळायच्या, ते कुलकुल. एका वर्षी ऐन कुलकुल वळताना लाईट गेली. कंदिलाभोवती आम्ही सगळी भावंडं, हातात नव्या कोऱ्या फण्या. दादाने पैज लावली, जोर केला आणि फणीचे दात मोडले. ते नेमके कुठल्या कुलकुलात गेले म्हणून आजीने सगळं ताट पुन्हा तपासायला बसवलं. हसून हसून पोटं दुखली.

हा किस्सा दादा अजून ऑफिसात रंगवून सांगतो, वहिनीच म्हणाली. त्या वर्षी त्याला भेट काय मिळाली होती, विचारा. डोकं खाजवेल.

1223 साली इटलीत ग्रेच्चोला संत फ्रान्सिसने गोठा मांडला, तेव्हा तिथे होतं काय? गवत, बैल, गाढव आणि मशाली घेऊन जमलेलं गाव. आता कुणीतरी म्हणेलच, बाळ येशूला बघायला आलेल्या मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी, सोनं, ऊद, गंधरस आणला होता की. आणला होता, मान्य. पण स्वतः आले ना बाबा, ताऱ्याच्या मागे एवढी वाट तुडवत! कुरियर नाही केलं.

बोटीवर, आखातात असणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. त्यांच्या घरी पार्सल आलं तरी डोळे भरतात. पण पुणं?

दमतो बिचारा, कळतं मला. घराचे हप्ते, पोरीची शाळा, वर वहिनीला सुट्टी नाही. आईसुद्धा त्याचीच बाजू घेते. "पाठवलं ना आठवणीने," म्हणाली आणि खोक्याचा पुठ्ठा नीट घडी करून ठेवला.

आणि आत्ता हे टाईप करता करता वहिनीचं स्टेटस बघितलं. 31 ला लोणावळा! तिथे बरी सुट्टी मिळते. बरोबर कोण, तर तेच ऑफिसवाले, ज्यांना आमच्या फणीचे दात पाठ झालेत.

दादा, वाचतोयस माहितीये मला. खाली बदाम टाकू नकोस. फोन कर. मला नको, आईला कर.