गिटार पडली तर पहिले तारा सैल करा

कोणाची गिटार पडून तुटली असं कळलं की आपल्याकडे लोक दोनच गोष्टी सांगतात. एकतर "ते ट्यूबवालं इन्स्टंट ग्लू लाव, दोन मिनिटात चिकटते", नाहीतर "सोड ना बे, पाच-सहा हजारात नवीन येते ऑनलाइन". दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि या दोन सल्ल्यांपायी चांगल्या चांगल्या गिटारी सज्ज्यावर पडून राहिल्या आहेत, म्हणून आज जरा लांबलचक लिहितो. ज्यांच्या घरी लेकरं वाजवतात त्यांनी तर वाचाच.

निमित्त आमच्या घरचंच आहे. भाची उभी राहून प्रॅक्टिस करत होती, पट्ट्याचं मागचं भोक वापरून वापरून सैल झालेलं, ते बटनावरून निसटलं आणि गिटार पाठीवर, सरळ टाइल्सवर. ही गिटार ताईची, तिच्या कॉलेजच्या वेळेस बाबांनी नागपूरच्या सीताबर्डीवरून घेऊन दिलेली, कोलकात्याला बनलेली अकूस्टिक. ताईनंतर मी तिच्यावर शिकलो, आता भाची शिकते. म्हणजे पैशात मोजायला गेलं तर काहीच नाही आणि घरात विचाराल तर त्या कपाटातल्या दागिन्यांपेक्षा जास्त जपलेली वस्तू. भाऊजी ओरडले, पोरगी रडायला लागली, आणि रडता रडता तिने ती उचलून "मामा, वाजते का बघते" म्हणून ट्यूनिंगची चावी पिळायला घेतली. मी म्हटलं थांब, पिळू नको, उलट्या बाजूने फिरव, सगळ्या तारा सैल कर.

हे मला सगळ्यांना सांगायचं आहे. स्टीलच्या तारांची गिटार सुरात असते तेव्हा सहा तारा मिळून ७० किलोच्या आसपास ताण नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावर, असतो. धडधाकट नेक तो आरामात झेलते, पण तडा गेल्यावर तोच ताण ती तड मिनिटामिनिटाला उघडत नेतो. पडल्या पडल्या जी केसाएवढी रेघ दिसते ती तारा तशाच ठेवल्या तर सकाळपर्यंत हेडस्टॉक (चाव्या असतात ते वरचं टोक) हातात येईल इतकी वाढू शकते. म्हणून पहिले तारा सैल करा, रडणं-ओरडणं, चूक कोणाची ते नंतर.

आता तुटते कुठे तर बहुतेक वेळा त्याच एका जागी, नटच्या (वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे, जिथे नेक संपून हेडस्टॉक सुरू होतो. हेडस्टॉक मागच्या बाजूला झुकलेला असतो, गिब्सन कंपनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तर १७ अंशाचा कोन असतो. नेक एकाच लाकडातून कापलेली असली की त्या वळणावर लाकडाचे रेशे तिरपे कापले जातात, म्हणजे तिथे लांब रेशाची ताकदच नसते. वरून ट्रस रॉडची (नेकच्या आतल्या धातूच्या गजाची) चावी बसवायला बऱ्याच गिटारींत नेमकं तिथेच लाकूड कोरून काढलेलं असतं. आणि हेडस्टॉकवर सहा चाव्यांचं वजन लटकलेलं. गिटार पाठीवर पडली की बॉडी थांबते पण हेडस्टॉक झटका खातो. म्हणून तर गिग बॅगमध्ये असलेली गिटार नुसती भिंतीवरून घसरून पडली तरी मोडते, बाहेरून बॅगवर ओरखडा पण नसतो. ज्या गिटारींमध्ये हेडस्टॉक वेगळा तुकडा तिरपा जोडून लावलेला असतो त्या उलट इथे जास्त टिकतात, आणि लोक त्या जोडालाच स्वस्तातलं काम समजतात!

आता त्या ट्यूबबद्दल. इन्स्टंट ग्लू वाईट वस्तू नाही, पॉलिशचा बारीक टवका भरायला कारागीर पण वापरतात. पण नेकच्या तडीत ते टाकलं की रेशांमध्ये शोषलं जातं आणि दोन्ही बाजू नीट बसायच्या आतच कडक होतं. जोड अर्धा मिलिमीटर सरकलेला राहिला तरी तो तसाच पक्का. वर ते ठिसूळ असतं, ताण-झटका सहन करत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रेशांची तोंडं बंद होतात, मग नंतर चांगल्या कारागिराने चांगला गोंद लावला तरी तो लाकडात शिरत नाही. फर्निचरचा पांढरा गोंद पण इथे नको, सतत ताण आणि गरमी असली की तो हळूहळू सरकतो, आणि गरमी म्हणजे काय ते नागपूरकरांना मी काय सांगू.

आम्ही ती तडकलेली गिटार नागपूरच्या महाल भागात एका काकांकडे नेली. हार्मोनियम, तबला, तानपुरे दुरुस्त करतात, गिटारचा बोर्ड वगैरे काही नाही. त्यांनी नेक हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "याच्यात काही टाकलं तर नाही ना?" नाही म्हटल्यावरच पुढे बघितलं. म्हणाले, टाकलं असतं तर मी हातच नसता लावला. मग हेडस्टॉक अंगठ्याने अगदी हलका मागे दाबून तड उघडली, आत फुंकर मारली, रेशे बघितले, आणि "लांब तुटली, चांगली तुटली" म्हणाले. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण खरंच तसंच असतं, तड लांब आणि तिरपी असेल तर गोंदाला पकडायला जागा भरपूर मिळते. आडवी, आखूड तुटली तर मात्र आतून लाकडाची पट्टी बसवावी लागते, ते काम मोठं.

त्यांनी वापरला सरस. आपल्या जुन्या सुतारांचा तोच, जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतो तो. दाणे रात्रभर पाण्यात भिजवलेले, मग एका छोट्या डब्यात, तो डबा गरम पाण्याच्या भांड्यात. थेट आचेवर कधीच नाही, करपला की ताकद जाते म्हणे. वास उग्र. तड असलेलं लाकूड पहिले गरम करून घेतलं म्हणजे सरस आत जायच्या आधी गोठणार नाही, मग बारीक ब्रशने भरला, हेडस्टॉक जरासा हलवत हलवत आतपर्यंत शिरवला, आणि दाबल्यावर पूर्ण रेघेतून मण्यांसारखे थेंब बाहेर आले तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. गरम पाण्याच्या फडक्याने पुसलं, चामड्याचे तुकडे मधे घालून क्लॅम्प लावले आणि आम्हाला सांगितलं, घाई करायची नाही, मी फोन करतो. परदेशात मार्टिन कंपनीच्या जुन्या गिटारी दुरुस्त करणारे मोठमोठे लुथियर (गिटारचे कारागीर) आजही हाच सरस पसंत करतात, कारण पुढे कधी गरज पडली तर गरमी आणि पाण्याने तो जोड परत उघडता येतो. आपल्याकडे महालात एक माणूस ते काम अंगवळणी पडल्यासारखं करतो आणि आपण लेकरांना सांगतो नवीन घेऊन टाक.

आता तारा चढल्या आहेत, सूर धरून आहे. जोडाची रेघ जवळून बघितली तर दिसते, दिसू दे. लांब तडीचा नीट केलेला जोड आजूबाजूच्या लाकडाइतकाच मजबूत असतो. हो, विकायला काढली तर तुटून जोडलेल्या गिटारची किंमत बाजारात बरीच कमी येते हे खरं आहे. पण त्याचा वाजवणाऱ्याशी संबंध काय? उलट बजेट कमी असलेल्या पोरांनी चांगल्या कंपनीची नीट जोडलेली गिटार मिळत असेल तर जाणत्या माणसाला दाखवून बिनधास्त घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दरवेळी जुळतंच असंही नाही, ते पण सांगतो. अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनची आधीची बाल्डविन गिटार १९६९ मध्ये टेक्सासात एका दारुड्याने पाय देऊन चेचली, ती नॅशव्हिलला पाठवली तर कारागिराने दुरुस्त होणार नाही म्हणून सांगितलं. पण त्याच कारागिराने तिचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) काढून एका मार्टिन एन-२० मध्ये बसवला, आणि तीच ती 'ट्रिगर', जिच्या टॉपला (पुढच्या फळीला) वाजवून वाजवून भोक पडलं तरी माणूस तीच वाजवत राहिला. मेलेल्या गिटारचं पण काहीतरी पुढे गेलं ना.

आणि आपल्याला हे नवीन आहे का? मिरजेचा तंतुवाद्यांचा सगळा कारभार शस्त्रं बनवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांसारख्यांनी उभा केला, २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालं. तानपुऱ्याचा भोपळा फुटला तर गायक लोक तो सांधून घेतात आणि त्याच तानपुऱ्यावर पुढे कित्येक वर्षं रियाझ करतात. तिथे कोणी म्हणत नाही नवीन घे. मग गिटारच्याच नशिबी हे काऊन?

लेकरांवर ओरडण्याबद्दल एवढंच की वाजवणाऱ्याच्याच हातून पडते. कपाटात ठेवलेली कधीच पडत नाही, आणि कधीच वाजत पण नाही. भाचीने त्यानंतर काही दिवस गिटारला हात लावला नव्हता, दुसऱ्या कोणाची पण नको म्हणायची, ते मला तडीपेक्षा जास्त लागलं.

बाकी काळजीच्या गोष्टी. पट्ट्याचं भोक सैल झालं असेल तर बटनावर रबराचा वॉशर चढवा, काही रुपयांचं काम आहे. सोफ्याला टेकवून ठेवू नका. मे महिन्यात गाडीत तर बिलकुल ठेवू नका, बंद गाडीत ब्रिजचा (बॉडीवर तारा अडकवतात त्या पट्टीचा) गोंद सुटतो, आणि सरसाचा जोड असेल तर तो पण जाऊ शकतो. कूलरच्या थेट झोतात नको, दिवसभर कोरडी हवा आणि रात्रभर ओला वारा असं झालं की सॉलिड टॉप (अखंड लाकडाची पुढची फळी) फाटतो.

ज्यांच्याकडे तुटलेली गिटार पडून आहे त्यांनी तडीचा जवळून फोटो काढून मला इनबॉक्स करा, बाजूने एक आणि मागून एक. लांब तुटली की आखूड ते सांगतो आणि काकांचा पत्ता देतो. फक्त तोपर्यंत त्यात काही टाकू नका.