एनफिल्डची ठासणीची बंदूक आणि साताऱ्याची वाघनखे

लंडनच्या उत्तर टोकाला, ली नदीच्या काठी, एनफिल्ड लॉक नावाची वस्ती आहे. 1816 मध्ये स्थापन झालेला ब्रिटिश सरकारचा बंदुकांचा कारखाना येथे 1988 पर्यंत चालला. आता त्या जागेवर घरे आहेत, आणि कारखान्याच्या जुन्या इमारतीत एक लहानसे संग्रहालय जपलेले आहे. ते पाहून परतताना गावाकडच्या मित्रांचा जुनाच वाद पुन्हा वाचनात आला: जुलै 2024 मध्ये लंडनहून तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात नेलेली आणि आधी साताऱ्यात मांडलेली वाघनखे शिवाजी महाराजांचीच आहेत की नाहीत?

माझ्या डोळ्यांसमोरून मात्र तिथली 1853च्या नमुन्याची एनफिल्ड बंदूक हलत नव्हती. घोड्याशेजारच्या पोलादी पट्टीवर मुकुट आणि साल कोरलेले, दस्त्याचे लाकूड हाताळून काळपट झालेले. तिची गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असे, म्हणून गजाने ठासताना सहज उतरे. दारू पेटली की गोळीचा मागचा भाग फुगून नळीतल्या तीन मळसूत्री खाचांत घट्ट बसे आणि गोळी गिरक्या घेत दूरवर नेमकी जाई. गोळीभोवतीचा कागद नळीत सरकावा म्हणून त्याला वंगण लावलेले असे, आणि काडतुसाचे टोक शिपायाने दातांनी फाडायचे असे. ते वंगण गायीच्या आणि डुकराच्या चरबीचे आहे ही वार्ता जानेवारी 1857 मध्ये कोलकात्याजवळच्या डमडमहून पसरली. त्याच वर्षी 31 जुलैला कोल्हापुरात 27व्या मुंबई पलटणीतल्या शिपायांनी उठाव केला. पुढे इंग्रजांनी देशी पलटणींसाठी मुद्दाम बिनखाचांच्या, कमी पल्ल्याच्या एनफिल्ड बनवून घेतल्या, आणि 1878च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणेही गुन्हा ठरवले. आपल्या घराघरांतली जुनी शस्त्रे नाहीशी होण्यामागे हा कायदाही आहे, असे मला वाटते.

परदेशात गेलेल्या वस्तू परत मिळाव्यात, या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. वाघनखांबाबत मात्र ती ठेवणाऱ्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानेच सांगितले आहे की, पेटीवर महाराजांचे नाव कोरलेले असले तरी ती त्यांनीच वापरली याची खात्री देता येत नाही. हे वाक्य महाराष्ट्रात ती जिथे मांडली जातील तिथेही मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि त्याने महाराजांविषयीचा आदर तसूभरही कमी होणार नाही, असे मला वाटते. आपण भांडतो ते थोरांच्या शस्त्रांसाठी. दात लावून काडतूस फाडण्यास नकार देणाऱ्या शिपायाच्या हातातले शस्त्र कोणते होते आणि ते कसे चालत होते, हे मात्र कोणी विचारत नाही, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते. आपल्याकडच्या एका संग्रहालयात माणसाच्या उंचीची एक तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने दारू पेटवायची, बंदूक भिंतीला टांगलेली मी पाहिली आहे. तिच्याखाली ‘बंदूक, 18 वे शतक’ एवढेच लिहिले होते. ती कोणत्या गावची, कोणी घडवली, तिचा तोडा कुठे अडकवत, याचा एक शब्दही नव्हता.

या दिवाळीत गावी गेल्यावर मी तेथे पुन्हा जाणार आहे, आणि नळीची लांबी, तोंडाचा व्यास आणि असल्यास कारागिराची खूण टिपून घेण्याची परवानगी मागणार आहे.