खुलासा : भूल देण्यापूर्वी लहान मुलांना उपाशी ठेवण्याबाबत

नाशिकमध्ये पंचवटी, सिडको, सातपूर भागांतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत आहे की, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून मुलाला पाण्याचा थेंबही देऊ नये. भूलतज्ज्ञ म्हणून सांगतो, हे बरोबर नाही. मध्यरात्रीपासून काहीच न देण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती, त्यामुळे हा संदेश कोणी सद्हेतूनेच लिहिला असावा.

भुलेत गिळण्याची व खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते आणि पोटातील अन्न फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून उपास आवश्यकच आहे. मात्र घन आहार, वरचे दूध व पावडरचे दूध यांसाठी 6 तास, आईच्या दुधासाठी 4 तास आणि साधे पाणी किंवा गर नसलेला सफरचंदाचा रस यांसाठी 2 तास, अशी मर्यादा प्रचलित आहे. ब्रिटन व युरोपातील बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी 2018 साली पाण्यासाठी 1 तास पुरेसा मानला. वरचे दूध पोटात फुटून घट्ट होते, म्हणून ते पाण्यासारखे धरू नये. चहातल्या दोन चमचे दुधाबाबतही पालक हमखास फसतात.

तान्ह्या बाळाच्या यकृतातील साखरेचा साठा तुटपुंजा असतो, त्यामुळे दीर्घ उपासाने रक्तातील साखर उतरू शकते, शरीरातील पाणी कमी होते आणि सलाईनसाठी शीर सापडणे अवघड जाते.

पोटाचा विकार किंवा तातडीची शस्त्रक्रिया असल्यास वेळा बदलतात. त्या आपल्या भूलतज्ज्ञांकडूनच घ्याव्यात. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.