शाळेत सहकुटुंब लोकनृत्य ठेवताय? मग एवढं वाचाच

अभिनंदन. तुमच्या पोराच्या प्राथमिक शाळेत आईबाप, आजीआजोबा सगळ्यांनी मिळून लोकनृत्य करायचं असं कुणीतरी एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, मिटिंगात बोललं आणि नेमकी त्याच वेळी तुम्ही मान हलवलीत, आता भोगा. पण घाबरू नका, आम्ही गेल्या वर्षी बेळगावाकडं हे करून बसलोय, अनुभव फुकटात देतो.

आधी तारीख. १ नोव्हेंबरचं नावसुद्धा काढू नका, त्या दिवशी अर्ध्यांचा कर्नाटक राज्योत्सव आणि अर्ध्यांचा, म्हणजे आम्हाला महाराष्ट्रात घ्या म्हणणाऱ्यांचा, काळा दिवस, नाचायला मोकळं कोण ऱ्हातंय. त्याच्या मागंपुढं भाताची सुगी, माणसं शेतात. डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, पोलीस सगळे तिकडं बंदोबस्ताला, स्पीकरच्या परवानगीवर सही करायला ठाण्यात कोण भेटलं तर लॉटरी लागली समजा. मग गॅदरिंग, मग परीक्षा. शेवटी मंडपवाला ज्या दिवशी रिकामा तो आपला मुहूर्त.

आता बॅनर. नाच बसवायला दोन संध्याकाळी पुरतात, बॅनरला पंधरा दिवस धरा. वर कन्नड खाली मराठी हे ठरलेलंच, पण वरचं केवढं आणि खालचं केवढं? २०२४ मध्ये दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा झाला, तो शाळेच्या बॅनरला लागतो का हे कुणालाच सांगता येईना, पण टेप घेऊन अक्षरं मोजायला तिघंजण लगेच हजर. वर जिल्ह्याचं नाव बेळगाव लिहायचं का बेळगावी, त्यात अजून एक संध्याकाळ. सरकारनं २०१४ लाच निकाल लावलाय म्हणा, पण आमची म्हातारी अजून बेळगावालाच बाजाराला जाते. शेवटी ‘जि. बे.’ एवढंच छापलं, दोन्ही भाषांत बे नंच सुरू होतंय, मिटलं.

नाच कुठला हा विषय मात्र जपून काढा. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, त्याच्यावरचं भांडण अजून चालू आहे, त्यामानानं आपली मिटिंग तीन तासात उठली हे यशच म्हणायचं. एका बाजूला टिपऱ्या पाहिजेत, दुसऱ्या बाजूला कन्नड कोलाट. आता तुम्ही म्हणाल दोन्हीकडं हातात दोन काठ्या, गोल करायचा आणि शेजाऱ्याच्या काठीवर ठोका द्यायचा, फरक काय? हे मिटिंगात बोलू नका. मी बोललो, मला पाण्याचे जार आणायच्या कमिटीत टाकलं. लेझीम सर्वमान्य निघाली, पण शाळेच्या कपाटातल्या लेझमी काढल्या तर निम्म्यांच्या साखळ्या तुटलेल्या, उरलेल्यांच्या चकत्या गंजून मुक्या, म्हणून आवाज मोबाईलवरून लावायचं ठरलं. लेझमीचा आवाज. मोबाईलवरून.

आणि पालकांनी नाचायचंय म्हणून पालकांना शिकवत बसू नका, सिटीतनं डान्सवाले सर आणा. ते हलगीच्या ठेक्याखाली डीजेचा बेस घालतात, मुलींना मांडीपर्यंतच्या रेडिमेड नऊवाऱ्या भाड्यानं देतात, आणि पालकांना सांगतात तुम्ही फक्त व्हिडिओ काढा. बाप लोक खूश. आमच्याकडं पहिल्या दोन रांगांत एवढे मोबाईल वर होते की मागच्या आज्यांना नातवंडं दुसऱ्याच्या स्क्रीनवर बघायला लागली, ती पण पाठमोरी.

सत्काराला हात आखडता घेऊ नका. स्पीकर दहाला बंद करायचा नियम आहे, त्यामुळं साडेसहापासून भाषणं सुरू केली तर नऊपर्यंत आरामात पुरतात. लोकनृत्य ही आपली संस्कृती आहे असं पाच जणांनी सांगितलं, त्यातला एकही नाचला नाही, शाल घेऊन जेवायला गेले. पहिलीतली पोरं तोपर्यंत फेटे उशाला घेऊन झोपली होती.

आता आमची एक चूक सांगतो, ती तुम्ही करू नका.

नऊला लाईट गेली. डीजे बंद, माईक बंद, मोबाईलमध्ये अंधाराशिवाय काय येईना, म्हणून ते पण खिशात गेले. तेवढ्यात हलगीवाल्या काकांनी, ज्यांना आम्ही स्वागताला पाच मिनिटांपुरतं बोलवलं होतं, पाहुण्यांच्या परिचयाचे कागद पेटवून त्यावर हलगी शेकली आणि सुरू केलं. आमच्या गल्लीतली एक आजी उठली, तिनं पलीकडच्या कन्नड शाळेजवळच्या एका आजीला ओढलं, पायाला पाय, हातांची फुली, आणि मागं झुकून फुगडी. ही ओरडतेय हात सोडू नको गं, ती ओरडतेय कै बिडब्याड, दोघीपण तेच सांगायलेत आणि दोघीपण सोडायला तयार नाहीत. मग काय, सुना उतरल्या, बाप उतरले, कोपऱ्यातल्या टिपऱ्या कुणी टिपऱ्या म्हणून उचलल्या कुणी कोलाट म्हणून, ठोके मात्र बरोबर पडायले, झोपलेली पोरं उठून मधी घुसली. डान्सवाले सर स्टेजवर टॉर्च धरून एकटेच उभे. दहा वाजून गेले तरी कोण थांबेना, आणि बंद करायला बटणच नव्हतं.

बॅनर त्या अंधारात कुणाला दिसला नाही, पंधरा दिवस पाण्यात. पाहुण्यांचे परिचय जळून गेले. व्हिडिओ तर एकाकडं पण नाही.

म्हणून सांगतो, जनरेटर आधी बुक करा. शक्यतो दोन.