टक्केवारीच्या आत कोण आहे?

लाळेचा नमुना पाठवून आलेला वंशाचा रंगीत अहवाल हल्ली बरेच जण इथे टाकतात. इतके टक्के हे, इतके टक्के ते. मला ती टक्केवारी बघून हळहळ वाटते. ज्या समाजांत दोन-तीन खंडांतली माणसं मिसळली, त्यांच्याबद्दल डीएनए जे सांगू शकतो, त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं त्या एका आकड्यात बुजून जातं.

कोलंबियातला अँतिओकिया प्रांत घ्या. वाय क्रोमोसोम (गुणसूत्र) बापाकडून फक्त मुलग्याला मिळतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या पुरुषांत तो सुमारे ९४ टक्के युरोपीय निघाला. मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचा, डीएनए आईकडूनच येतो. तो मात्र सुमारे ९० टक्के मूळ अमेरिकी. सरासरी काढली की लोक नुसतेच 'मिश्र' ठरतात. दोन्ही बाजू वेगळ्या ठेवल्या की दिसतं, की समुद्रापलीकडून पुरुष आले, इथल्या बायका त्यांच्या लेकरांच्या आया झाल्या आणि इथल्या पुरुषांची वंशरेषा जवळजवळ खुंटली. एवढी मोठी घटना आपण टक्क्यांत कशी गुंडाळून ठेवतो?

मादागास्करचं तर मला फार अप्रूप आहे. बेट आफ्रिकेला लागून, पण तिथल्या भाषेची सगळ्यात जवळची बहीण हिंदी महासागरापलीकडे बोर्निओत बोलली जाते. माणसांत दोन्हीकडचं रक्त आहे. २०१२ च्या एका अभ्यासाने मातृवंशावरून हिशेब मांडला, की सुमारे १,२०० वर्षांपूर्वी तिथे वस्ती उभी राहिली तेव्हा पूर्वेकडून आलेल्या बायका जेमतेम तीसएक असाव्यात. तीस बायका!

वंश कधी मिसळले, ते कसं कळतं? दोन वंश मिसळले की सुरुवातीला क्रोमोसोमवर एकेका वंशाचे लांबच लांब पट्टे असतात. पुढे दर पिढीत आईबापांकडून आलेल्या क्रोमोसोमच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते आणि पट्टे तुटत जातात. पट्टे जितके आखूड, तितकं ते मिसळणं जुनं.

आणि एक. अहवालातलं 'मूळ' हे बहुतेक वेळा आज हयात असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी केलेल्या तुलनेतून ठरतं. ज्या प्रदेशाचे नमुनेच थोडे, तिथली माणसं शेजाऱ्यांच्या खात्यात जमा होतात. सख्ख्या भावंडांचे आकडेही वेगळे येतात, त्यावरून घरात शंकाकुशंका काढू नका.

तुमच्याकडे असा अहवाल असेल आणि त्यात मातृवंशाचं पान असेल, तर आधी ते उघडा. आईची आई, तिची आई, तिचीही आई. मग पितृवंशाचं पान असेल तर ते शेजारी ठेवून बघा. दोन्ही एकाच दिशेला जातात का, ते मला खाली सांगा.