रक्त नव्हे, मायोग्लोबिन

काल रात्रीपासून मी साडूभाऊंशी मनातल्या मनात भांडतोय. आतापर्यंत सोळा वेळा जिंकलो. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं होतं, "बरं, परत टाकतो तव्यावर."

बेत स्टेक, लसणीवर परतलेली कोळंबी आणि दोन्हींवर क्रीमचा सॉस असा. मांस टिपून कोरडं केलं होतं, कारण ओलं मांस भाजत नाही, नुसतं वाफवतं. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला. धुराचा भोंगा वाजला, त्या मी टाळ्या समजलो.

भोंगा ऐकून साडूभाऊ आत आले. "काही मदत?" असं म्हणून ओट्याला टेकले ते नेमके मिरीपुढे. मिरी मागितली की सरकायचे आणि लोण्यापुढे उभे राहायचे.

"आधी दोन्ही बाजू कडक भाज. रस आत कोंडला पाहिजे."

ही समजूत युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची, १८४७ सालची, आणि ती केव्हाच खोटी ठरली आहे. भाजल्यानं रंग येतो, चव येते. रस कोंडत नाही. तवा चरचरतो तोच मुळी त्या गळणाऱ्या रसामुळे. हे सगळं मला पाठ होतं. मी म्हणालो, "हो."

स्टेकमध्ये थर्मामीटर खुपसला.

"हा तापाचा?"

"स्वयंपाकाचा. ५२ अंश सेल्सिअसला उतरवायचा. तसाच ठेवला की मुरेपर्यंत ५५ होतो."

"आणि मग?"

"मग झाला."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "माणूस ४० ला गेला तर दवाखान्यात नेतात. आणि हा ५५ ला झाला?"

याला उत्तर असणारच. मला अजून सुचलेलं नाही.

आठ मिनिटं मुरवून कापला. आत सुरेख गुलाबी, पाटावर थोडं लाल पाणी. साडूभाऊ एक पाऊल मागे सरले.

"रक्त!"

"नाही हो. मायोग्लोबिन. स्नायूतलं प्रथिन असतं, प्राणवायू साठवून ठेवणारं. रक्त आधीच निघून गेलेलं असतं."

"लाल आहे?"

"आहे."

"पातळ आहे?"

"आहे."

"जनावरातून आलंय?"

"...आलंय."

"मग नाव काहीही ठेव."

स्टेक परत तव्यावर गेला. एकदा नाही, तीनदा. दर खेपेला ते वाकून बघायचे आणि नापास करायचे. दुसऱ्या कढईत कोळंबी होती. कोळंबीचं गणित सोपं आहे: रंग पालटला, चंद्रकोरीसारखी वळली की उतरवायची, दोन-तीन मिनिटांचा खेळ. मी मायोग्लोबिनची वकिली करत असताना माझी कोळंबी पौर्णिमेला पोहोचली होती. आता तिचा चेंडू करून भिंतीवर मारला असता तर हातात परत आला असता.

सॉसवर मात्र भिस्त होती. तव्याला चिकटलेला खमंग थर थोड्या पाण्यानं सोडवून पातेल्यात घेतला, क्रीम ओतलं, हलकी उकळी आली. मी तिसऱ्यांदा स्टेक उलटायला वळलो तेवढ्यात साडूभाऊंनी अर्धं लिंबू पिळलं. "फारच सपक दिसत होतं." क्रीम दाट, साईचं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण घरातल्या कुणीतरी आरोग्याचा विचार करून कमी फॅटचं आणलं होतं. ते कुणी, हे मी विचारलं नाही, कारण ते मीच. पातळ क्रीम, वर आंबट आणि खाली जाळ. सॉस फाटला.

टेबलावर स्टेकचं चामडं आलं, चेंडू आले, पनीर आलं. साडूभाऊंनी पहिला घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"जरा वातड झालंय, नाही?" ते मायेनं म्हणाले. "तू फार शिजवतोस."

बायकोनं मान डोलावली! मेहुणी म्हणाली, पुढच्या वेळी यांना विचारून कर. तीन तास चुलीपुढे मी, हातावर तेलाचे चटके मला, तवा घासायचा तोही मीच, आणि परीक्षक म्हणून मात्र जो नुसता टेकून उभा होता तो. उभं राहायलासुद्धा त्याला माझाच ओटा लागला. मी शेवटी जेवलो. गार.

निघताना साडूभाऊंनी थर्मामीटर मागितला. घरी धाकट्याला कणकण आहे म्हणे.

"अहो, तो मांसाचा आहे."

"तापच तर बघायचाय," म्हणाले, आणि खिशात घातला.